दंड पालकाला होता

दर वर्षी २६ जूनला, शाहू जयंतीच्या दिवशी, आमच्या शाळेत मुलांची भाषणं होतात. सातवीतला कुणी ना कुणी हमखास सांगतो, की १९१७ साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि जो आपलं मूल शाळेत धाडणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. टाळ्या पडतात. ही वाक्यं मी वीसेक वर्षं मुलांकडून घोटून घेतली आहेत. त्यांतली एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला मात्र गेल्या वर्षीचं स्नेहसंमेलन व्हावं लागलं. मूल शाळेत आलं नाही म्हणून महाराजांनी मुलाला छडी मारायला सांगितली नव्हती. दंड पालकाला होता.

संमेलनात सातवीच्या मुलींनी जोगवा बसवला होता. मी रंगमंचाच्या कडेला उभी राहून फोटो काढले आणि रात्री घरी येऊन पालकांच्या ग्रुपवर टाकले. तीस-चाळीस फोटो असतील. एका फोटोत एका मुलीचे डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड उघडं होतं. नाचताना कुणाचाही चेहरा एखाद्या क्षणी तसा होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या चेहऱ्याचं स्टिकर झालं होतं. त्याखाली दोन शब्द लिहिलेले होते, ते मी इथं लिहीत नाही. मुलांचा एक वेगळा ग्रुप होता, बापांच्या नंबरांवर चालणारा, आम्हा शिक्षकांना ठाऊकच नसलेला. तिथं ते स्टिकर दर दोन मेसेजनंतर पडत होतं. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. घरून निरोप आला, पोटात दुखतंय.

मग जे नेहमी होतं तेच झालं. तीन मुलांना कार्यालयात उभं केलं. त्यांच्या पालकांना बोलावणं गेलं. एका वडिलांनी आमच्यासमोरच मुलाच्या कानफटात मारली आणि म्हणाले, "आजपास्नं मोबाईल बंद." सगळ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं. पाचव्या दिवशी ती मुलगी आली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मला गाठून तिनं अगदी हळू विचारलं, "बाई, फोटो तुम्हीच टाकलासा न्हवं? मला इचारलासा काय?"

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही तिघा मुलांना शिक्षा केली होती, त्यांच्या आईवडिलांना खाली मान घालायला लावली होती, प्रार्थनेनंतर मोबाईलच्या दुष्परिणामांवर भाषणही झालं होतं. पण ज्या मोठ्या माणसानं त्या मुलीचा चेहरा तिला न विचारता दीडशे लोकांच्या हातात दिला, त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. ते माणूस मी होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे. सहावी-सातवी-आठवीच्या मुलांना डिजिटल नागरिकत्व, म्हणजे फोनवर आणि इंटरनेटवर जबाबदारीनं आणि आपले हक्क ओळखून वागणं, शिकवा, असं आता सगळेच म्हणतात आणि ते खरंच आहे. पण ते फक्त मुलांना शिकवायचं ठरवलं तर फुकट जाईल. हा विषय शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांच्या शेजारी, त्याच बाकावर बसून शिकायचा आहे. चुकलं तर आधी जाब मोठ्यांनी द्यायचा आहे, कारण फोन आपला आहे, सिम आपलं आहे, खातं आपल्या नावावर आहे आणि बहुतेक वाईट सवयीही मुलांनी आपल्याकडूनच उचलल्या आहेत.

आमच्या कोल्हापुरात 'डिजिटल' हा शब्द फोनच्या आधी चौकात आला. वाढदिवसाचा, निवडीचा, श्रद्धांजलीचा जो मोठा छापील फलक लागतो त्याला इथं 'डिजिटल' म्हणतात. "त्येचं डिजिटल लागलंय" म्हणजे तो आता चार लोकांत आला. एका अर्थी हा शब्द फार बरोबर बसला आहे. फोनवर ठेवलेलं स्टेटस हे चौकात लावलेलं डिजिटलच असतं, फक्त लावणारा अकरा वर्षांचा असतो आणि तो चौकात उभा आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. महाद्वार रोडला गर्दीत मुलाला एकटं पाठवण्याआधी आपण त्याला दहा वेळा हात धरून नेतो. कुठं थांबायचं, हरवलास तर कुणाला विचारायचं, कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही, हे चालता चालता सांगतो. फोनच्या बाबतीत आपण एकदाही बरोबर गेलो नाही.

उलट, ढकललं आपणच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हीच घरोघरी फोन करून सांगितलं, स्मार्टफोन घ्या, नाहीतर मूल मागं पडेल. ज्यांची ऐपत नव्हती त्यांनी हप्त्यावर घेतला. शाहूवाडी, गगनबावड्याकडची मुलं रेंजसाठी टेकाडावर जाऊन बसायची. अभ्यासाचा फोन म्हणून जो घरात शिरला तो शाळा उघडल्यावर घरातून बाहेर गेला नाही. त्या वेळी फोन घ्या म्हणण्याबरोबर तो कसा वापरायचा याचे चार तास आम्ही घेतले असते, तर आज एवढं निस्तरावं लागलं नसतं. माझी त्याबद्दलची खंत खरी आहे.

'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींचं चित्र आहे. जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो चालवता येतो. तो चालवता येणाऱ्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही फोनवर केलेली मुलं ५७ टक्के, आणि समाजमाध्यमं वापरलेली ७६ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी आपलं खातं खाजगी कसं करायचं हे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होतं. म्हणजे जवळजवळ निम्मी पोरं दार सताड उघडं टाकून बसली आहेत. याच अहवालात आणखी एक आकडा आहे, ज्याकडे कमी लक्ष जातं. फोन वापरता येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेली सुमारे २७ टक्केच आहेत. बाकीची सगळी घरचा फोन वापरतात, आईचा, वडिलांचा, दादाचा.

हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं काढायला बंदी घातली आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तेव्हापासून आमच्या शिक्षकखोलीतही बंदीची भाषा जोरात आहे. बंदीचा मोह मला समजतो. पण त्या कायद्यातही दंड मुलाला किंवा पालकाला नाही, कंपनीला आहे, हे आपण विसरतो. शिवाय तिथली बंदी मुलाच्या खात्यावर आहे. आपल्याकडचा सातवीतला मुलगा वडिलांच्या नंबरवर, वडिलांच्या वयानं, वडिलांच्या फोटोमागून आत शिरलेला असतो. कंपनीच्या लेखी तो बेचाळीस वर्षांचा गृहस्थ आहे. त्याला कोणतं दार अडवणार? आपल्या घरांपुरतं बोलायचं तर दार म्हणजे वडीलच, आणि ते दार शहाणं करण्याला दुसरा रस्ता नाही.

सरकारी कायदाही तेच गृहीत धरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला मूल मानलं आहे आणि तिची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कागदावर हे उत्तम आहे. पण संमती देणाऱ्याला आपण कशाला संमती देतोय हे कळलं पाहिजे. विद्यार्थ्यांच्या 'अपार' या ओळख क्रमांकासाठी पालकांचं संमतीपत्र लागतं. मी पालकसभेत विचारलं, तुम्ही कशावर सही केली आठवतं का? एकाही हाताची हालचाल झाली नाही. "बाई, तुम्ही म्हटलासा सही करा, केली." चूक त्यांची नव्हती. आम्ही कागद पुढे करून, बोट ठेवून, इथं सही करा म्हणालो होतो.

आता शाळांत काय चालतं ते सांगते. वर्षातून एकदा सायबर सुरक्षेवर व्याख्यान होतं. सभागृहात तीनशे मुलं, पाऊण तास. येणारे अधिकारी मनापासून बोलतात, १९३० हा फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर सांगतात, मुलांच्या मदतीचा १०९८ सांगतात, हे सगळं हवंच. पण मुलांच्या मनात उरते ती भीती. अमुक केलंत तर तुरुंग, तमुक केलंत तर आयुष्याचं वाटोळं. आणि घाबरलेलं मूल बोलत नाही. पाठ्यपुस्तकांचं म्हणाल तर सायबर गुन्हे आणि माध्यमांचा अतिवापर यांवर सविस्तर मजकूर दहावीच्या विज्ञानातल्या 'सामाजिक आरोग्य' या धड्यात येतो. फोन पाचवीत आलेला असतो. मधली पाच वर्षं मूल स्वतःच्या अकलेनं वाट काढतं.

मूल बोलत का नाही, हे मी गेल्या वर्षभरात अनेकांना एकेकटं गाठून विचारलं. जवळपास प्रत्येकानं एकच कारण दिलं. सांगितलं तर फोन काढून घेतील. अनोळखी माणूस रात्री मेसेज करतोय, गेममध्ये कुणी पैसे मागतोय, कुणी फोटोवरून धमकावतोय, हे सगळं सहन करणं त्यांना फोन गमावण्यापेक्षा परवडतं. म्हणजे आपण जी शिक्षा सुधारणा म्हणून देतो, तीच संकटाच्या वेळी मुलाचं तोंड दाबते. मुलांशी बोलून मला कळलेली ही सगळ्यांत मोठी गोष्ट. प्रत्येक पालकानं आजच मुलाला शब्द द्यावा, की तू येऊन सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही, आधी ऐकून घेईन. आणि तो पाळावा. एकदा मोडला तर मूल पुन्हा सांगायला येणार नाही.

पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या पोरांना दोन आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. एकोणचाळीसला लोक जनावरं हलवायला लागतात, माळ्यावर धान्य चढवतात. त्रेचाळीसपर्यंत कुणी हातावर हात ठेवून बसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर शहाण्या माणसानं आकड्याची वाटच बघू नये असं झालं आहे. मुलांच्या फोनबाबत मात्र आम्ही शिक्षक आणि पालक एकदम धोका पातळीलाच जागे होतो. मुलगी शाळेत यायची थांबते तेव्हा. त्याआधी तिनं जेवताना फोन उलटा ठेवायला सुरुवात केली होती, ग्रुपमधून ती बाहेर पडली होती, डबा तसाच परत नेत होती. एकोणचाळीस फूट कधीच ओलांडलेले होते.

मोठ्यांपासून सुरुवात करा असं मी म्हणते तेव्हा काही सहकारी नाराज होतात. "पोरं बिघडलीत आणि तुम्ही आम्हाला शिकवताय?" त्यांना मी दोन घटनांची आठवण देते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत फोनवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आज मुलांना जी बाणाची खूण आणि 'फॉरवर्ड केलेला' ही ओळ दिसते तिच्यामागं अशी माणसांची मढी आहेत, हे त्यांना सांगायला हवं. आणि हेही सांगायला हवं, की ते मेसेज मुलांनी पाठवले नव्हते. मुलांच्या काळजीनं मोठ्यांनी पाठवले होते.

दुसरी घटना आपल्याच गावातली. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार, आणि मग जिल्ह्यात इंटरनेट बंद. ज्या गावानं बहुजनांच्या पोरांसाठी जातीजातींची वसतिगृहं उभी केली, मुस्लिम बोर्डिंगला हात दिला, त्या गावात. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू झाल्यावर मुलं विचारायला लागली. "बाई, स्टेटस ठेवलं तर पोलीस धरतात?" "बाई, त्येनं काय लिहिलंतं?" शिक्षकखोलीत ठरलं, विषय काढायचा नाही. मीही मान हलवली. आज मला वाटतं, त्या आठवड्यात नागरिकशास्त्राचा वर्षातला सगळ्यांत मोठा धडा आमच्या हातात होता आणि आम्ही तो मिटून ठेवला. मुलांनी उत्तरं मग जिथं मिळाली तिथून घेतली, म्हणजे फोनवरून.

नागरिकत्व म्हटलं की नुसती शिस्त नव्हे, हक्कही आला. तो शिकवायला शाळा बिचकतात. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं फक्त लाइक केलं होतं. पुढं २०१५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ऑनलाइन लिहिलेल्या मजकुरावरून अटक करू देणारं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द केलं. हे आठवीच्या मुलाला कळतं, नीट कळतं. दुसऱ्याला चिथावणं वेगळं आणि प्रश्न विचारणं वेगळं, हा भेद जी मुलं वर्गात वाद घालून शिकतील ती उद्या चौकात दगड उचलणार नाहीत आणि कुणी अन्याय केला तर गप्पही बसणार नाहीत. गप्प बसणारी मुलं तयार करायची असतील तर मग नागरिकत्व हा शब्द वापरू नये.

प्रत्यक्षात काय करता येतं? मी जे केलं ते सांगते. छोटंच आहे. स्नेहसंमेलनानंतर मी त्या मुलीची आणि तिच्या आईची माफी मागितली. मग मुख्याध्यापकांची परवानगी काढून महिन्यातला एक शनिवार मागून घेतला. शाळा सुटल्यावर दीड तास. सातवीची मुलं, आणि ज्यांना जमेल त्या पालकांनी यायचं, फोन घेऊन. पहिल्या शनिवारी अकरा आया, दोन वडील आणि एक आजोबा आले. मूल आणि त्याचं मोठं माणूस एका बाकावर.

पहिलं काम मुलांनी मोठ्यांना शिकवायचं होतं. प्रोफाइलचा फोटो कुणाकुणाला दिसतो, आपल्याला न विचारता कोण ग्रुपात ओढू शकतं, दुसऱ्या फोनवर आपलं खातं उघडू नये म्हणून सहा आकड्यांचा पिन कसा ठेवायचा. एक बाई चांदीकामाच्या घरच्या, दिवसभर पैंजणाच्या कड्या जोडणाऱ्या. म्हणाल्या, "बाई, मला हिरवं आन् तांबडं बटन तेवढं कळतंय." त्यांच्या प्रोफाइलवर मुलीचा गणवेशातला फोटो होता, खिशावर शाळेचं नाव स्वच्छ वाचता येत होतं, आणि तो जगातल्या कुणालाही दिसत होता. मुलीनंच तो आईला दाखवून बदलला. त्या दोघींची मान एकाच पडद्यावर वाकलेली मी बघत होते. घरी हाच फोन त्यांच्यात रोज भांडण लावत होता.

मग मी मुलांना चिठ्ठ्या दिल्या. नाव घालायचं नाही; घरातली मोठी माणसं फोनवर जे करतात आणि तुम्हाला आवडत नाही, असं एक लिहा. चिठ्ठ्या मी मोठ्यांदा वाचल्या. 'पप्पा जेवताना मोबाईल बघतात आणि मला अभ्यास कर म्हणतात.' 'आई माझे मार्क स्टेटसला ठेवते, कमी पडले तर ठेवत नाही.' 'आजोबा सगळं खरं समजून पाठवतात.' 'माझा लहानपणचा अंघोळीचा फोटो मामीनं वाढदिवसाला टाकला, सगळी वर्गातली हसली.' शेवटची चिठ्ठी वाचल्यावर वर्गात कुणी बोललं नाही. एका आईनं पदराला डोळे पुसले. चिठ्ठी तिच्या मुलाची होती की नाही मला ठाऊक नाही.

दुसरा शनिवार आषाढातला होता, नदी चढत होती. दर पावसाळ्यात आमच्याकडं पुराचे जुने व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरतात. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की धरण फुटल्याच्या अफवेपर्यंत मजल जाते, आणि नदीकाठची म्हातारी माणसं रात्रभर जागतात. मी असाच एक व्हिडिओ लावला आणि विचारलं, हा आजचा आहे का? आजोबा म्हणाले, आजचाच, मला सकाळीच आलाय. मुलं चौथ्यांदा बघत होती तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण ओरडला, "बाई, थांबवा! मागं डिजिटल हाय, त्येच्यावर नागपंचमीच्या शुभेच्छा हायत." आषाढात नागपंचमीचा फलक कुठला असणार? वर्ग उसळला. आजोबांनी तिथंच फोन काढला, सकाळी ज्या नातेवाइकांना तो व्हिडिओ पाठवला होता त्यांना आवाजी मेसेज केला, "ते जुनं हाय, घाबरू नगासा," आणि नातवाकडं बघितलं. मुलांना मग मी १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर फळ्यावर लिहून दिला. वहीत उतरवणाऱ्यांत आजोबाही होते.

ज्यांनी तालमीत लाल मातीचे दिवस काढलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वस्ताद काठावर खुर्ची टाकून नुसती व्याख्यानं देत नाही. लंगोट लावून हौदात उतरतो, पोराला अंगावर घेतो, डाव दाखवतो आणि त्याच दमात त्या डावाची तोड दाखवतो. फोनवरच्या डावांना तोडी आहेत. स्टिकर झालं तर पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, ग्रुपमध्ये उलट शिवी द्यायची नाही, रिपोर्ट करायचं, त्याच दिवशी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. पाठवणाऱ्यानं सगळ्यांसाठी डिलीट केलं तरी ज्यानं स्टिकर आपल्याकडं जपून ठेवलं त्याच्याकडं ते राहतं, हेही शिकवायचं. या तोडी मला स्वतःला येत नव्हत्या. मी मुलांबरोबर शिकले.

शिक्षकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, आणि रात्री दहाला कार्यालयीन ग्रुपवर येणारे 'तात्काळ' आदेश. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या फोनला संध्याकाळ उरलेली नाही तो मुलांना फोनची मर्यादा काय सांगणार? म्हणून डिजिटल नागरिकत्वाच्या बाकावर अधिकाऱ्यांनाही जागा ठेवायला हवी. पण नवीन तास, नवीन पुस्तक, नवीन परीक्षा मागावी असं मला वाटत नाही. परीक्षा आली की गाईड येतं आणि विषय मरतो. केंद्रपातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षण परिषद होतेच. तिच्यात एखादा तास शिक्षकांनी एकमेकांना हे शिकवावं. मुलांचे फोटो शाळेच्या पानावर नाव-इयत्तेसह टाकणं थांबवावं, इथपासून.

आणि गावानं ठरवलं तर काय होतं हे आपल्या भागानं दाखवलं आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचं ठरलं. मला त्यात आवडलं ते हे, की भोंगा सगळ्या घरासाठी वाजतो, एकट्या पोरासाठी नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं त्याच वर्षी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग राज्य सरकारला इतर गावांना तसं आवाहन करावं लागलं. शाळेकडंही ठराव करण्याचं साधन आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. मध्यान्ह भोजन आणि रंगरंगोटी यांपलीकडं तिनं एकदा तरी फोनवर बोलावं.

आमच्या समितीपुढं मी या महिन्यात तीन ओळींचा ठराव ठेवला. मुलाला विचारल्याशिवाय शाळेतलं कुणीही त्याचा फोटो टाकणार नाही. मुलानं फोनवरचं संकट सांगितलं तर पहिल्या दिवशी शिक्षा नाही. पालकांच्या ग्रुपवर कुणीही खात्री न केलेला मेसेज टाकला तर ज्यानं टाकला त्यानंच तो चूक असल्याचं तिथं लिहायचं. पहिल्या दोन ओळी मंजूर झाल्या. तिसरीवर तासभर वाद झाला. एक पालक म्हणाले, "एवढ्या लोकांत आम्ही चुकलो म्हणून लिहायचं? पोरं वाचतील." मी म्हटलं, वाचू देत. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.

या वर्षीचं संमेलन परवा झालं. फोटो काढण्याआधी मी वर्गात विचारलं. तीन मुलींनी आणि एका मुलानं नको म्हटलं. जोगव्यातली ती मुलगी आता आठवीत आहे. ती म्हणाली, "काढा बाई, पर आधी मला दाखवा." मी अकरा फोटो दाखवले. तिनं नऊ काढून टाकायला लावले.